बेंबीचा खिळा

मोटर गरगरली, लोखंडी दांड्यांवरून कोरायचं टोकदार बिट सरकू लागलं आणि मशीनने फूल कोरायला घेतलं. आधी पाकळी, मग पाकळीच्या पोटातली शीर, मग देठ. सगळं बिनचूक. फक्त फळीच्या चार बोटं वर, हवेत.

कारखान्याच्या दारात समोरच्या कॉफीघरातून उठून आलेली पाच-सहा माणसं उभी होती. मग न्हावी म्हणाला, "माशाल्ला, हुसाम! वाऱ्यावर ओयमा कोरलास. आता पॉलिश कोण करणार याला?"

सगळे हसले. हुसामने काळं बटण दाबलं, लाल दाबलं, पुन्हा काळं दाबलं. बिट हवेत दुसरी पाकळी कोरत राहिलं. शेवटी त्याने भिंतीतला प्लगच उपटला.

हुसामची बायको बुसैना जिन्याच्या शेवटच्या पायरीवर लुजैनला मांडीत आवळून बसली होती. तीन वर्षांची पोर, चमकणारं काहीही दिसलं की हात घालणारी. बुसैनाची नजर दर दोन मिनिटांनी तिच्या हातांवर जाई. दहा बोटं मोजून झाली की मगच ती मशीनकडे बघे. मशीनचा हट्ट तिचाच होता. तेव्हा न्हाव्याचं ते हसणं हुसामच्या पाठीवर पडलं तरी लागलं तिला.

कफ्र गजालमध्ये प्रत्येक तिसऱ्या घराखाली लाकडाचा कारखाना होता. कुणी खुर्च्या करी, कुणी कपाटं, आणि कपाटावरची, पलंगावरची फुलं कोरून घ्यायला सगळे उस्ता बद्रानकडे येत. म्हणजे येत असत. उस्ता बद्रान हुसामचा बाप. पन्नास वर्षं झानच्या कडक लाकडात त्याने फुलं कोरली, आणि गेल्या हिवाळ्यापासून त्याचा उजवा हात थरथरू लागला. आता त्याला चहा अर्धा पेलाच द्यावा लागे. हुसाम हे ओयमाचं कोरीवकाम शिकला होता, पण बापाच्या निम्म्यानेही नाही. दुम्यातचा व्यापारी, हाज मुतवल्ली, महिन्यापूर्वी दोन फळ्या शेजारी शेजारी धरून म्हणाला होता, "उस्ता, या बहिणी वाटतात. मला बहिणी नकोत. मला तीच पाहिजे, पुन्हा पुन्हा तीच."

त्याच आठवड्यात हुसामच्या मामेभावाचा, इसामचा, सौदीतल्या दम्मामहून फोन आला. हॉटेलांच्या फर्निचरची डागडुजी, दोन वर्षांचा करार, जागा धरून ठेवलीय. हुसामने बॅगसुद्धा माळ्यावरून काढली. बुसैनाने ती परत माळ्यावर टाकली. तिचा बाप लिबियात होता. दर दोन वर्षांनी एक जाड ब्लँकेट घेऊन यायचा. पाच वर्षांची असताना दार उघडून ती त्याला म्हणाली होती, "काका, आई घरात नाहीये." हे तिने हुसामला सांगितलं नव्हतं. तिने फक्त सांगितलं की अशी छोटी मशीनं मिळतात, टेबलावर मावणारी, एकच फूल शंभर वेळा कोरणारी. तिच्या लग्नातल्या बांगड्या गेल्या आणि मशीन आलं.

हाज मुतवल्लीने अट घातली. एका कपाटाच्या चार पट्ट्या, चारी एकच. गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर येतो. जमलं तर मोसमाचं काम तुमचं. आणि इसामलाही गुरुवारीच हो की नाही सांगायचं होतं. आज शनिवार.

*

माहितीपुस्तक इंग्रजीत होतं, पण कुणा इंग्रजाने लिहिलेलं नव्हतं. मनसूराच्या कॉलेजात बुसैनाने कॉमर्स केलं होतं, इंग्रजीचे दोन पेपर चांगल्या मार्कांनी सोडवले होते, आणि तरी ती त्या ओळीपाशी अडली.

"काय म्हणतंय?" हुसामने विचारलं.

"म्हणतंय की चाकूला पृष्ठभागाशी आनंदाने भेटवा."

"कुणाला?"

"चाकूला, हुसाम. आनंदाने."

"मला एवढंच सांग, याला फळी कुठे आहे ते कळत कसं नाही? डोळ्यांसमोर आहे!"

"डोळे नाहीत त्याला. आपणच सांगायचं, लाकूड इथे सुरू होतं म्हणून. बघ, चित्र आहे. बिटाखाली कागद ठेवायचा, बिट खाली आणायचं, कागद ओढल्यावर अडला की ते शून्य."

हुसामने पुस्तकाचं पान फाडलं. जाड पान. बुसैना ओरडली, "अरे, पुढचं त्याच्यावरच होतं!" खिडकीजवळ उलट्या खोक्यावर उस्ता बद्रान बसला होता. त्याचं टेबल मशीनसाठी हलवलं होतं, पटाश्या कापडात गुंडाळून मांडीवर घेतल्या होत्या. त्याने खिशातून सिगारेटचा पातळ कागद काढून पुढे केला. हुसामने तो घेतला, पण बापाकडे बघितलं नाही.

कागद अडला. शून्य सापडलं. मग हुसामने खोलीच्या आकड्याआधीची वजाची खूण गाळली की दोनदा मारली, देव जाणे. बिट फळीतून आरपार गेलं आणि खालच्या तक्त्यात घुसून किंचाळायला लागलं. बुसैनाने आधी लुजैनचे कान झाकले, मग स्वतःचे.

*

रविवारी पहिली पट्टी खरी सुरू झाली. पुरी व्हायला तीन तास वीस मिनिटं, असं पडद्यावर लिहून आलं. झानचा पिवळसर भुसा उडू लागला, हुसाम हसला, बुसैनाने वरून पनीर, भाकरी आणि कलिंगडाच्या फोडी आणल्या. दोन तासांनी छतावरचा पंखा हळू झाला आणि थांबला. मशीनही थांबलं, पानाच्या मध्यावर.

जुलै होता. वीज कापली जायची, ते सगळ्यांनाच माहीत. ऐन उकाड्यात लोक भात कापडाखाली झाकून, दारात बसून, ओले रुमाल मानेवर टाकून वाट बघत. पण बुसैनाला हे सुचलं नव्हतं की मशीनलाही वीज गेली की झोप लागते आणि जाग आल्यावर त्याला आपण कुठे होतो ते आठवत नाही.

वीज आल्यावर हुसामने डोळ्याच्या अंदाजाने बिट फळीच्या कोपऱ्यावर आणलं, शून्य दिलं आणि पहिल्यापासून चालू केलं. तासाभरातच दिसून आलं. एका फुलावर दुसरं फूल, सुतभर सरकलेलं. तापाने फणफणलेल्या माणसाला दिसावं तसं.

मशीन विकणाऱ्या कैरोच्या दुकानातला इंजिनिअर फोन उचलत नसे, आवाज रेकॉर्ड करून पाठवी. हुसामने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. "इंजिनिअरसाहेब हुसाम, नमस्कार. बघा, बिघाड मशीनमध्ये नाही. बिघाड विजेत आहे. तुम्ही विजेशी बोला."

"विजेशी बोलू?" हुसाम फोनवर ओरडला. रेकॉर्डिंग केव्हाच संपलं होतं. "विजेला काय म्हणू? ताई, जरा थांबा, पान पुरं होतंय?"

सोमवारी दुसरी पट्टी गेली. तशीच. या वेळीही वीज दोन तासांत गेली. हुसामने कोपरा पुन्हा पकडला, भिंग लावून पकडला, तरी देठ तुटल्यासारखा सरकला. त्याने पट्टी भिंतीवर आपटली. लुजैन दचकून रडायला लागली, आणि धुळीने तिला खोकला सुरू झाला, छातीतून शीळ घालणारा. बुसैना तिला घेऊन गच्चीवर पळाली.

खाली उस्ता बद्रान म्हणाला, "कोपरा का धरतोस? कडा खोट्या असतात. लाकूड कडेने वाळतं, कडेने वाकतं. बेंबी धर."

"बाबा, पुस्तकात कोपरा लिहिलाय."

"पुस्तकाने किती कपाटं केली?"

"बाबा, तुम्ही हात लावू नका. एवढंच करा. काहीही सांगा, पण हात लावू नका. तुमचा हात लागला आणि टेबल हललं तर..." म्हाताऱ्याने आपला उजवा हात डाव्या हाताखाली घेतला.

गच्चीवर वारा होता. समुद्राकडून येणारा, खारट. कालव्याच्या पलीकडे भाताच्या गिरणीचं धडधडणं बंद होतं. म्हणजे तिकडे वीज नव्हती. बुसैना लुजैनची पाठ चोळत उभी राहिली. मग गिरणी धडधडू लागली. आणि तिने वाळलेल्या दोन चादरी काढून घडी घातल्या असतील नसतील, तोच खाली हुसाम ओरडला, "पंखा! गेली!"

त्या दिवशी तिने आणखी दोनदा बघितलं. गिरणी सुरू झाली की चार-पाच मिनिटांत त्यांची वीज जायची. एक तास नाही, मग दोन तास आहे, मग पुन्हा गिरणी. आधी पलीकडची पाळी, मग त्यांची. कुणी जाहीर केलेलं नव्हतं, पण गिरणी खोटं बोलत नव्हती.

"दोन तास," तिने खाली येऊन सांगितलं. "दोन तासांच्या वर कधीच मिळत नाहीत. फूल तीन तास वीस मिनिटांचं आहे. कधीच पुरं होणार नाही, हुसाम. गिरणी वाजली की मी ओरडेन, तू थांबव, कितव्या ओळीवर होतं ते लिहून ठेव. मग पुन्हा तिथून."

"आणि शून्य? शून्य कुठून आणू पुन्हा?"

उस्ता बद्रान खोक्यावरून उठला. कुणाला न विचारता त्याने हातोडी घेतली, डोकं छाटलेला एक जाड खिळा घेतला आणि मशीनच्या लाकडी तक्त्यात, बरोबर मधोमध, तीन ठोक्यांत बसवला. हात थरथरत होता. ठोके सरळ पडले. खिळ्याच्या माथ्यावर त्याने एक बारीक खळी पाडली, आणि तक्त्यावर खिळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक लाकडी दांडी ठोकली, फळी अडकून बसेल अशी. मग नवी फळी घेऊन दोन्ही कडांना रंधा मारला आणि तिच्या पाठीला मध्यभागी आरपार न जाणारं एक आंधळं भोक केलं.

"बिटाचं टोक या खळीत बसव," तो म्हणाला. "ते तुझं शून्य. मग वर फळी बसव. तिची बेंबी या खिळ्यावर. आता शंभर वेळा काढ, शंभर वेळा घाल."

हुसामने बिट खाली आणलं. टोक खळीत बसलं, चावी कुलपात बसावी तसं. त्याने ते दोनदा वर-खाली करून बघितलं. "हं" म्हणाला. बुसैनाला वाटलं, म्हाताऱ्याला यापेक्षा मोठं काहीतरी द्यायला हवं होतं. पण हुसामच्या तोंडातून तेवढंच निघालं.

*

मंगळवारी सकाळी तिसरी फळी चढली. एक तास चाळीस मिनिटं झाली आणि कालव्यापलीकडे गिरणी वाजली. त्या दिवशी लवकरच वाजली. बुसैना गच्चीवरून ओरडली, "गिरणी!" खाली हुसामने मशीन थांबवलं, बिट उचललं, ओळीचा आकडा सिगारेटच्या पाकिटावर लिहिला. पंखा थांबला, पण या वेळी कुणाचं काही बिघडलं नव्हतं. वरचं अर्धं फूल कोरून तयार होतं, खालचं अर्धं कोरं. हुसाम वर येऊन जमिनीवर आडवा झाला. "जमतंय," छताकडे बघत तो म्हणाला. "लुजैनच्या आई, जमतंय बहुतेक."

तासाने वीज आली. हुसामने फळी काढून बापाच्या हातात दिली, बिट खळीत बसवलं, मग कंप्यूटरकडे वळून ओळीचा आकडा भरू लागला. पाठीमागे म्हाताऱ्याने फळी खिळ्यावर बसवली. "बसली," तो म्हणाला. हुसामने बटण दाबलं.

बुसैना चहाचा ट्रे घेऊन जिना उतरत होती. चौथ्या पायरीवर ती थांबली. आवाज वेगळा होता. लाकडात बिट खरखरतं. हा आवाज खरखरत नव्हता, शीळ घालत होता. शनिवारचा आवाज.

"हुसाम, भुसा येत नाहीये."

हुसाम वळला. फळीवर अर्धं फूल होतं, ते आता त्याच्या बाजूला आलं होतं. कोरा भाग पलीकडे गेला होता. बिट कोरलेल्या अर्ध्यावरच फिरत होतं.

"फिरवली? तुम्ही फळी फिरवलीत?"

"अर्धं झालं की फिरवायची असते," उस्ता बद्रान म्हणाला. "या फुलाला नेहमीच..."

"हात लावू नका म्हटलं होतं की नाही? म्हटलं होतं की नाही? एक गोष्ट! एक गोष्ट सांगितली होती! तीन फळ्या गेल्या, बाबा, तीन! तुम्हाला काय वाटतं, हे तुमचं टेबल आहे? तुमचा हात लागला की सगळं..."

कॉफीघरातली फाशांची खडखड थांबली. उस्ता बद्रानने पटाश्यांची गुंडाळी उचलली, काखेत धरली, चपला शोधल्या. डावी सापडली, उजवी खोक्याखाली गेली होती. ती काढायला तो वाकला, बराच वेळ वाकून राहिला, आणि सगळे ते बघत होते. मग तो रस्ता ओलांडून कॉफीघरात गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

हुसामने फोन उचलला. "मी इसामशी बोलून येतो," तो म्हणाला आणि कालव्याकडे निघून गेला. मशीन बंद करायचंही त्याला सुचलं नाही.

बुसैनाच्या हातात ट्रे तसाच होता. तीन पेले, त्यातला एक अर्धा. तिला दोघांचाही इतका राग आला होता की ट्रे कुणाच्या डोक्यात घालावा ते ठरेना. तिने तो खाली ठेवला, लुजैनला कलिंगडाच्या रिकाम्या खोक्यात उभी केली, "हात बाहेर काढलास तर बघ," असं दटावलं, आणि लाल बटणाकडे हात नेला.

दाबलं नाही.

बिट अजून शीळ घालत होतं. कोरलेल्या पाकळीतून जात होतं, शिरेतून, देठातून. ती वाकली, अगदी जवळ, जितकं जवळ जायची तिला भीती होती त्याहून जवळ. बिट कशालाच लागत नव्हतं. नुसतं जवळपास नव्हे, कुठेच नाही. स्वतःच्याच पावलांत पाऊल टाकत चालावं तसं ते आपल्याच खाचेतून चाललं होतं. खालचं अर्धं कोरायला निघालेलं मशीन वरच्या अर्ध्यात मावत होतं, केसाचाही फरक न करता.

तिने भिंतीकडे बघितलं. तिथे खिळ्याला पुठ्ठ्याचा एक साचा लटकत होता, वर्षानुवर्षांच्या बोटांनी काळा झालेला. अर्ध्याच फुलाचा. सात वर्षं ती बघत आली होती, आणि सात वर्षं तिला वाटत होतं की तो फाटलाय.

मग ती कंप्यूटरपाशी बसली. फाईलमध्ये अठरा हजार ओळी होत्या, नुसते आकडे. पहिली ओळ बघितली, मग बरोबर मधली. तेच आकडे, फक्त खुणा उलट्या, बेरजेची जागा वजाने घेतलेली. दुसरी ओळ, तीच गत. दहावी, शंभरावी. साच्याचा फोटो बघून कैरोच्या दुकानातल्या, फाईल करून देणाऱ्या मुलाने अर्धंच फूल काढलं होतं, फिरवून दुसऱ्यांदा चिकटवलं होतं आणि पैसे पुऱ्याचे घेतले होते.

"अगं बाई," बुसैना लुजैनला म्हणाली, कारण दुसरं कुणी नव्हतं. "अर्धंच आहे हे. म्हातारा खरं बोलत होता आणि आम्ही त्याला चपला शोधायला लावल्या."

लुजैनने खोक्याच्या फटीतून तीन बोटं बाहेर काढली होती. बुसैनाने ती आत ढकलली.

अर्धं म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. दोन तासांच्या आत. तिने मशीन थांबवलं. घड्याळ बघितलं, पंधरा मिनिटं वाया गेली होती. एक तास पंचेचाळीस उरला होता. फाईलची खालची नऊ हजार ओळींची शेपूट तिने उडवली, उरलेली वेगळ्या नावाने ठेवली, "अर्धं" एवढंच नाव दिलं. फळी तिला हलवावीच लागली नाही, म्हाताऱ्याने ती आधीच बसवून ठेवली होती. सिगारेटचा कागद सरकवून उंची पुन्हा तपासली, तळहात ओढणीला पुसले, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

बिट पलीकडे गेलं, कोऱ्या लाकडावर उतरलं, आणि खरखर सुरू झाली.

*

हुसाम परतला तेव्हा पट्टी पुरी झाली होती आणि गिरणी नुकतीच वाजली होती. त्याने पट्टी उचलली. दोन अर्धी जिथे भेटत होती तिथे अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग उजेडात धरली.

"कुणी केलं?"

"मशीनने. इसामला काय सांगितलंस?"

"बहुतेक हो म्हणालो. गुरुवारी नक्की सांगतो म्हटलं." तो पट्टीवरून नजर काढेना. "हे कसं..."

"नंतर. आधी कॉफीघरात जा आणि बाबांना घेऊन ये."

"येतील की ते. जेवायला येतीलच."

"तू दारात उभा राहून ओरडलास, हुसाम. सगळ्या गल्लीने ऐकलं. आता जे म्हणायचंय तेही गल्लीला ऐकू दे."

"तूच जा ना. तुझं ऐकतात ते."

"मी? मी जाऊन न्हाव्यासमोर उभी राहू?"

तो गेला. बुसैनाने खिडकीच्या फटीतून बघितलं. हुसाम बापाच्या खुर्चीमागे उभा राहिला, काहीतरी बोलला, म्हातारा भिंतीकडेच बघत राहिला. हुसाम पुन्हा बोलला. न्हाव्याने फासे खाली ठेवले. शेवटी उस्ता बद्रान उठला आणि दहा पावलं पुढे चालत, एकटाच असल्यासारखा, घरी आला. त्याने पट्टी हातात घेतली.

"दुसऱ्या अर्ध्याला बटण कुणी दाबलं?"

"मी, बाबा. तुम्ही फिरवून ठेवली होती."

"आता पुढची फिरवशील तेव्हा डावीकडून फिरव."

"डावीकडून फिरवली काय, उजवीकडून काय, येऊन बसणार तिथेच ना?"

"तिथेच."

"मग फरक काय पडतो?"

"फरक काही नाही," उस्ता बद्रान म्हणाला. "पण डावीकडून."

*

बुधवारी घर गिरणीच्या तालावर चाललं. वीज आली की अर्धं, वीज गेली की जेवण, झोप, भांडण. वीज आली की अर्धं. शेजारणीने वाळत घातलेल्या कपड्यांवर भुसा बसला म्हणून तिने पुरा जिना चढून येऊन ऐकवलं. बुसैनाने मुलूखियाच्या भाजीचं पातेलं तिच्या हातात दिलं आणि दार लावलं. लुजैनच्या नाकाला ओला रुमाल बांधला, तो तिने आठ वेळा काढला. रात्रीपर्यंत तिसरी पट्टी झाली. गुरुवारी सकाळी चौथीचं पहिलं अर्धं.

वीज साडेअकराला आली. दुसरं अर्धं एक दहाला संपणार, गिरणी दीडच्या सुमारास वाजणार. वीस मिनिटं हातात.

"बाबा," हुसाम म्हणाला, आणि मशीनपासून एक पाऊल मागे झाला. "फिरवा."

उस्ता बद्रानने बाह्या वर केल्या. खाली उतरवल्या. पुन्हा वर केल्या. त्याने फळी काढली, तक्ता ब्रशने झाडला, फुंकरला, खिळ्याभोवतीचा भुसा सुईने उकरून काढला. बिट खळीत बसताना खाली वाकून बघितलं. "पुन्हा," तो म्हणाला. हुसामने पुन्हा बसवलं. म्हाताऱ्याने फळीच्या भोकात करंगळी घातली, बाहेर काढली, करंगळीचं टोक बघितलं, पुन्हा घातली. बुसैना गच्चीच्या जिन्यावर उभी राहून नखं खात होती. पाच मिनिटं. बारा. हुसामच्या कपाळावरची शीर तिला तिथून दिसत होती. पण तो हात पाठीमागे धरून उभा राहिला. शेवटी फळी डावीकडून फिरली आणि खिळ्यावर बसली. वीस मिनिटं होऊन गेली होती.

हाज मुतवल्ली नमाजानंतर आला, पोट पुढे, गळ्यात घामाचा रुमाल. त्याने तयार तीन पट्ट्या जमिनीवर ओळीने लावल्या, नखाने प्रत्येकीची शीर तपासली. "या एक आहेत," तो म्हणाला. "तिन्ही. चौथी?"

"पाच मिनिटं, हाज," हुसाम म्हणाला.

कालव्यापलीकडे गिरणी वाजली.

बुसैनाने ओरडायचं नाही असं ठरवलं होतं, पण ओरडलीच. बिट शेवटच्या पानाच्या शेवटच्या शिरेवर होतं. चार मिनिटं सगळ्यांची नजर पंख्यावर होती. पंखा हळू झाला. बिट दोन सेकंद आणखी फिरलं आणि शिरेचं टोक राहिलं असताना थांबलं. बोटाच्या पेराएवढं.

"एवढंच?" हाज मुतवल्ली म्हणाला. "उस्ता, काढा ती पटाशी. एक टोला मारा, मी मोकळा."

"बाबा, एकच टोला," हुसाम म्हणाला. "मी धरतो."

"बाबा," बुसैना जिन्यावरून म्हणाली.

उस्ता बद्रान खोक्यावर बसला. पटाश्यांची गुंडाळी मांडीवर घेतली आणि वर हात ठेवले. "तुम्हाला चारी एकच पाहिजेत ना, हाज? माझ्या हाताची झाली तर ती बहीण होईल. बसा. वीज येते तासाभरात."

"अहो, एवढुसं टोक!"

"एवढुसं म्हणूनच. बुसैना, हाजना चहा."

व्यापाऱ्याने इकडे तिकडे बघितलं. उकाडा, माश्या, थांबलेला पंखा. मग दुसरं काही सुचेना म्हणून तो बसला. तासभर तो रुमालाने वारा घेत कुरकुरत राहिला, तिसरा चहा प्याला, तिन्ही पट्ट्या पुन्हा पुन्हा उचलून बघितल्या, आणि कुरकुरता कुरकुरताच म्हणाला, "चौथी अशीच निघाली तर चोवीस कपाटांचं काम तुम्हाला. पण कडांचे तंतू उस्ताने हाताने काढायचे. मशीन तंतू ठेवतं. आणि हे असं तासभर बसवणार असाल तर पंखा बॅटरीवरचा आणा."

वीज आली तेव्हा बुसैना वर लुजैनचं तोंड धूत होती. हुसामचा फोन पलंगावर वाजायला लागला. पडद्यावर इसाम. तिने ओल्या हाताने उचलला.

"काय वहिनी, हुसाम कुठे आहे? मला आज नाव द्यायचंय. इथे दुसरा माणूस दारात उभा आहे."

तिने जिन्यातून खाली बघितलं. हुसामने फळी दोन्ही हातांवर धरून बापापुढे केली होती आणि म्हातारा, पुन्हा एकदा, खिळ्यावर फुंकर घालत होता.

"तो कामावर आहे, इसाम."

"कुठे कामावर?"

"इथेच. खाली. तू त्या दुसऱ्याचं नाव दे."

"नक्की?"

तिने फोन कानापासून दूर धरला. खालून आधी शीळ आली, बिट त्या एका पेरापर्यंत रिकामं जात होतं. तिने लुजैनची बोटं हातात घेतली आणि मोजू लागली. सातवर खरखर सुरू झाली.

"नक्की," ती म्हणाली.